मागचे ड्रम काढून डिस्क बसवताना: आधी हँडब्रेक, मग कॅलिपर

पिकअपचे किंवा छोट्या ट्रकचे मागचे ड्रम काढून डिस्क लावायचं ठरलं की बहुतेक जण आधी कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडनं आवळणारा भाग, शोधायला लागतात. कुठल्या गाडीचा कॅलिपर बसेल, डिस्क केवढी घालता येईल, रिमच्या आत जागा आहे का, यावर सगळा खल होतो. हँडब्रेकचा विषय निघतो तो अगदी शेवटी, जुनी केबल हातात लोंबकळत असताना. तोवर कॅलिपर घेऊन झालेला असतो आणि त्याला हँडब्रेकचा लिव्हरच नसतो.

ड्रममध्ये हँडब्रेकची वेगळी जुळवाजुळव लागत नाही. तेच शू (ड्रमला आतून घासणारे वक्र तुकडे), तोच ड्रम, फक्त पायाऐवजी केबलनं ओढायचे. डिस्कला ती सोय वेगळी करावी लागते आणि ती कशी करायची यावर बाकीचे सगळे सुटे भाग ठरतात. म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा: आधी हँडब्रेकचा प्रकार, त्यावरून डिस्क आणि कॅलिपर, मग पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल. पाना त्यानंतर हातात घ्यायचा.

हा लेख हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या, मागे सलग हौसिंगचा ॲक्सल आणि शक्यतो पाटे असलेल्या गाड्यांसाठी आहे. हवेच्या ब्रेकच्या मोठ्या ट्रकांना यातलं काही लागू होत नाही. तिथं पार्किंग ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि हवेच्या दाबानं सुटतो, सगळी रचनाच निराळी. एबीएस असलेल्या गाडीत त्याच मॉडेलची मागे डिस्क असलेली आवृत्ती कंपनीनं काढली असेल तर तिचेच भाग घ्या. एबीएसचा संगणक मूळ ब्रेकांच्या हिशेबानं बसवलेला असतो, त्याला परके कॅलिपर देऊन प्रयोग करू नयेत. शिवाय ब्रेक बदलणं हा गाडीतला मोठा फेरफार आहे. नोंदणी आणि विम्याच्या अटींत तो बसतो का, हे भाग घेण्याआधीच विचारून घ्या.

मुळात करावं का?

गाडी कमी अंतरात थांबेल म्हणून करत असाल तर फार अपेक्षा ठेवू नका. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं आणि रिकाम्या पिकअपची मागची बाजू तर आधीच हलकी असते. थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकंच करतात. टोयोटानं टकोमा पिकअपला २०२३ पर्यंत मागे ड्रमच दिले, आणि फोक्सवॅगनच्या आयडी-४ या इलेक्ट्रिक गाडीलाही मागे ड्रम आहेत. ड्रम जुनाट म्हणून टाकाऊ, असं काही नाही.

फायदा होतो तो वेगळ्या ठिकाणी. लांब उतारावर भरलेली गाडी ब्रेकवर उतरवताना ड्रम तापून फुगतो, शूवरच्या लायनरपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. डिस्क तापली तर पॅडच्या दिशेनंच जाड होते. पाण्यातून गाडी काढल्यावर डिस्क दोन-तीन फेऱ्यांत कोरडी पडते, ड्रममधलं पाणी मात्र रेंगाळतं. पॅड बदलणं सोपं, झीज डोळ्यांना दिसते, डावं-उजवं चाक सारखं धरतं. उलट बाजूला चिखल, खडे आणि गंज यांना डिस्क उघडी पडते आणि हँडब्रेक सहसा मूळपेक्षा थोडा कमीच पकडतो. सतत भार घेऊन चढ-उतारावर चालणाऱ्या गाडीला हा बदल मानवतो. एरवी गाडी रिकामी आणि सपाटीवर फिरत असेल तर नवे शू, शू ढकलणारे नवे व्हील सिलिंडर आणि नीट बसवलेले ॲडजस्टर यांत काम भागतं.

हँडब्रेकचे तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे डिस्कच्या मधल्या टोपीच्या आत छोटा ड्रम. पायाचा ब्रेक डिस्कवर आणि हँडब्रेक आतल्या छोट्या शूंवर. फोर्ड एक्सप्लोररच्या १९९५ नंतरच्या मागच्या ॲक्सलला हीच रचना होती, म्हणून तो ॲक्सल अशा कामांसाठी इतका मागितला जातो. दुसरा मार्ग, कॅलिपरच्या आतच स्क्रू किंवा उतरत्या खाचांत फिरणाऱ्या गोळ्यांची यंत्रणा आणि बाहेर एक लिव्हर. केबल लिव्हर ओढते आणि तोच पिस्टन पॅडवर दाबला जातो. १९७०च्या दशकातल्या कॅडिलॅक एल्डोराडोचे कॅलिपर ट्रकांना लावतात ते या प्रकारचे. तिसरा मार्ग, त्याच डिस्कवर निव्वळ केबलनं चालणारा वेगळा छोटा कॅलिपर.

कोणता घ्यावा? इथं थोडं गणित केलेलं बरं. यूएनच्या ब्रेकविषयक नियम क्रमांक १३ प्रमाणे भरलेली गाडी २० टक्के चढावर, तोंड वर असो की खाली, हँडब्रेकवर उभी राहिली पाहिजे. समजा गाडी भारासह २,८०० किलो आहे. तेवढ्या उतारावर ती सुमारे ५,४०० न्यूटननं खाली ओढली जाते. टायरची त्रिज्या ३६ सेंमी धरली तर प्रत्येक मागच्या चाकावर साधारण ९७० न्यूटन-मीटर टॉर्क रोखायला हवा.

हाच टॉर्क डिस्कवर रोखायचा तर पॅड बसतो तिथली त्रिज्या १२.५ सेंमी आणि थंड पॅडचा घर्षणांक ०.३५ धरून पॅड ११,००० न्यूटननं, म्हणजे १,१०० किलोहून जास्त जोरानं आवळावा लागतो. टोपीतल्या ड्रमची त्रिज्या फक्त ९.५ सेंमी असली तरी तिथं एक शू दुसऱ्याला ढकलतो आणि चाकाची ओढच शू आणखी आवळते. त्यामुळे शूच्या टोकाशी साधारण ३५० किलोचा जोर पुरतो. आता हाताकडून काय मिळतं ते बघा. माणूस लिव्हर ४० किलोनं ओढतो, लिव्हर त्याची सहा-सातपट करतो आणि ते दोन केबलींत वाटलं जातं. एका चाकाच्या वाट्याला आले सुमारे १३० किलो. छोट्या ड्रमला त्याची पावणेतीनपट करायची आहे, कॅलिपरला जवळजवळ नऊपट, आणि तीही आतल्या घर्षणातलं नुकसान सोसून.

जड गाडीला टोपीतला ड्रमच घ्यावा, हे माझं ठाम मत याच आकड्यांवरून आहे. हलक्या पिकअपला लिव्हरवाला कॅलिपर चालतो, पण त्याच्या सेटिंगचा नेम पाळावा लागतो. ते पुढे येईल. वेगळा केबलचा कॅलिपर जागा नसेल तेव्हाचा पर्याय. पॅड लहान आणि स्वतःहून आवळण्याची क्रिया शून्य, म्हणून भरलेल्या गाडीसाठी मी तो सुचवणार नाही.

एक वाट अनेकांच्या लक्षात येत नाही: डिस्क आणि हँडब्रेकसकट आख्खा ॲक्सलच दुसऱ्या गाडीचा बसवणं. रुंदी, गिअरचं प्रमाण, स्टडचा वर्तुळव्यास आणि पाट्यांच्या बैठकीतलं अंतर जुळत असेल तर एकूण खटपट कमी होते, कारण कॅलिपर, शू आणि ब्रॅकेट एकमेकांसाठीच बनलेले असतात.

कॅलिपर केवढा?

«मोठा कॅलिपर म्हणजे जास्त ब्रेक» हा हिशेब मागच्या चाकांना लावू नये. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली की गाडीचं शेपूट फिरतं, आणि ते सावरायला वेळ मिळत नाही. त्यामुळे नवा मागचा ब्रेक जुन्याच्याच ताकदीचा असावा, फार तर थोडा जास्त.

ताकदीचा अंदाज घरी काढता येतो. २५४ मिमीचा ड्रम आणि २२.२ मिमी बोअरचा व्हील सिलिंडर धरू. सिलिंडरचं क्षेत्रफळ ३.८७ चौ. सेंमी, ड्रमची त्रिज्या १२.७ सेंमी, आणि शू एकमेकांना ढकलणाऱ्या रचनेत मिळणारा गुणक ३. गुणाकार येतो १४७. डिस्कला पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले पॅडपाशी त्रिज्या गुणिले घर्षणांकाची दुप्पट, म्हणजे ०.७६. ४३ मिमी पिस्टन आणि १२.५ सेंमी त्रिज्या धरली तर १४.५ × १२.५ × ०.७६, म्हणजे १३८. ड्रमच्या अगदी जवळ. आता कोणी पुढचाच ५४ मिमीचा कॅलिपर मागे लावला तर आकडा जातो २१८ वर. तेवढ्याच पेडलला मागचा ब्रेक जवळजवळ दीडपट! तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण हा ताळा कॅलिपर घेण्याआधी करायचाच. साध्या रचनेत, जिथं एकच शू चाकाबरोबर ओढला जातो, गुणक ३ ऐवजी २ च्या आसपास धरा. तिथं आणखी लहान पिस्टन लागेल.

मापं

रिम न काढता कुठलंही माप घेऊ नका आणि कॅटलॉगमधल्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. डिस्कचं मधलं भोक ॲक्सलच्या फ्लँजवरच्या उंचवट्यावर नेमकं बसलं पाहिजे. ते सैल असेल तर डिस्क स्टडच्या भरवशावर मधे येते, म्हणजे येतच नाही. टोपीची जाडी ड्रमच्या तोंडापेक्षा जास्त असेल तर चाक तेवढं बाहेर सरकतं आणि नटाला स्टडचे आटे कमी मिळतात. नटात आलेले आटे किमान स्टडच्या व्यासाइतके लांब हवेत. कमी पडले तर लांब स्टड घाला. कॅलिपर आणि रिम यांच्यात सगळीकडून किमान ३ मिमी मोकळी जागा ठेवा. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सची वजनं इथंच घासतात.

कॅलिपर ॲक्सलच्या पुढे येणार की मागे, हे पाटे, यू-बोल्ट, शॉक ॲब्झॉर्बर आणि हँडब्रेकच्या केबलची वाट बघून ठरवा. पुठ्ठ्याचा नमुना कापून, ॲक्सल वर-खाली करून बघणं हा अजूनही सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

जुनं उतरवणं

पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम ठोकळे लावा. मागची चाकं हवेत आणि हँडब्रेक सोडलेला, म्हणजे गाडीला धरणारं दुसरं काही उरत नाही. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. हौसिंगखाली किंवा चासीखाली घोड्या लावा, गाडी हलवून बघा, मगच चाकं काढा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टस असू शकतं, तेव्हा आतली धूळ हवेनं उडवायची नाही. ब्रेक क्लीनर मारून ती ओली करा, पुसा, मास्क लावा.

ड्रम निघत नसेल तर आधी ॲडजस्टर मागे फिरवा, घाव नंतर. स्प्रिंगा, शू आणि हँडब्रेकचा आतला लिव्हर काढा, केबल मागच्या प्लेटमधून (शू जिच्यावर बसतात ती) मोकळी करा, व्हील सिलिंडरचा पाइप फ्लेअर-नटच्या पान्यानं सोडा. साध्या पान्यानं नट गोल झाला तर तो पाइप पुन्हा वापरता येत नाही. उघड्या टोकाला रबरी टोपी घाला.

मागची प्लेट काढायची तर बहुतेक गाड्यांत ॲक्सल शाफ्ट बाहेर काढावा लागतो, आणि इथं तुमचा ॲक्सल कोणत्या जातीचा आहे ते महत्त्वाचं. शाफ्ट डिफरन्शियलच्या आत सी-क्लिपनं अडकवलेला असेल तर ऑइल काढून मागचं झाकण उघडा, पिनियन शाफ्टचा लॉक बोल्ट काढून तो शाफ्ट सरकवा, ॲक्सल शाफ्ट आत ढकला, की सी-क्लिप सुटते. पिनियन शाफ्ट बाहेर असताना ॲक्सल फिरवू नका, नाहीतर आतले छोटे गिअर जागा सोडतात. शाफ्ट ओढताना ऑइल सीलच्या ओठावर वजन टाकू नका. तसंही सील नवंच घाला.

दुसऱ्या जातीत शाफ्ट बाहेरच्या टोकाला चार नटांच्या रिटेनरनं धरलेला असतो. फ्लँजच्या भोकातून ते नट सोडून, सरकत्या हातोड्यानं ठोके देत शाफ्ट येतो. पण प्लेट बेअरिंग आणि फ्लँजच्या मधे अडकलेली असते, म्हणजे प्रेसवर बेअरिंग काढणं आलं. रिटेनर रिंग काढली की ती बाद, नवीच दाबायची. या जातीत प्लेटची जाडी बेअरिंगच्या बसण्याच्या हिशेबातच धरलेली असते. ५ मिमीची प्लेट काढून १० मिमीचा ब्रॅकेट तिच्या जागी घातला तर बेअरिंगवरचा ताण बदलतो, तेव्हा ब्रॅकेट त्याच जाडीचा घ्या किंवा संचाबरोबर दिलेले स्पेसर वापरा. पूर्ण फ्लोटिंग ॲक्सलला (जिथं गाडीचा भार शाफ्टवर नाही, हौसिंगवर असतो) शाफ्ट बाहेरून बोल्टनं लावलेला असतो. तो काढून हबचे नट सोडले की हब हातात येतो. बसवताना बेअरिंगचा खेळ मॅन्युअलप्रमाणे.

ब्रॅकेट, डिस्क, कॅलिपर

ब्रॅकेट तयार, त्याच ॲक्सलसाठी बनवलेलाच घ्यावा. ब्रेक लागल्यावर चाकाचा सगळा टॉर्क या तुकड्यातून हौसिंगमध्ये जातो. घरी कापून वेल्ड केलेल्या पट्टीवर ही जबाबदारी टाकू नये. बोल्ट १०.९ ग्रेडचे, आटे साफ करून थ्रेडलॉकर लावून, मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचनं.

टोपीतला ड्रम असेल तर शू, स्प्रिंगा आणि छोटा ॲडजस्टर डिस्क चढवायच्या आधीच बसतात. शू जिथं प्लेटवर टेकतात त्या ठिकाणी उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ थर द्या, लायनरला हात लागू देऊ नका.

फ्लँजचा चेहरा वायर ब्रशनं चकचकीत करा. गंजाचा एक कण मधे राहिला तरी डिस्कच्या कडेला तो कितीतरी मोठा होऊन दिसतो. डिस्क चढवा, चाकाचे नट उलटे लावून सारखे आवळा आणि डायल गेज लावून एक पूर्ण फेरी फिरवा. ०.०५ मिमीच्या आत आलं तर उत्तम, ०.१० च्या वर गेलं तर डिस्क एका स्टडनं पुढे फिरवून पुन्हा मोजा. पुष्कळदा डिस्कचा आणि फ्लँजचा दोष एकमेकांना कापतात आणि प्रश्न तिथंच मिटतो.

मग कॅलिपर. डिस्क ब्रॅकेटच्या बरोबर मधे आली पाहिजे. येत नसेल तर ब्रॅकेटमागे शिम घाला. सी-क्लिपच्या ॲक्सलला शाफ्ट थोडा आत-बाहेर सरकतो आणि डिस्कही त्याच्याबरोबर जाते. पिनांवर सरकणारा कॅलिपर हे सोसतो. दोन्हीकडे पिस्टन असलेला पक्का कॅलिपर मात्र सोसत नाही: वळणावर डिस्क पिस्टनला आत ढकलते आणि त्यानंतर ब्रेक दाबला की पेडल अचानक खोल जातं. अशा ॲक्सलला सरकता कॅलिपरच लावा. पिनांना सिलिकोन ग्रीस द्या आणि हातानं सरकवून बघा.

एअर काढायचं निपल वर आलंय ना? खाली आलं असेल तर डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला आहे. हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहील आणि कितीही ऑइल सोडलं तरी पेडल स्पंजासारखंच लागेल.

पाइप, मास्टर सिलिंडर आणि व्हॉल्व्ह

हौसिंगवरच्या पाइपपासून कॅलिपरपर्यंत लवचिक होज हवा, कारण कॅलिपर पिनांवर सरकतो. होजच्या बँजो बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वॉशर. कॅलिपर कधीही होजवर लोंबकळू देऊ नका, तारेनं बांधून ठेवा. पाइपच्या टोकाचं फ्लेअर दुहेरी ४५ अंशाचं आहे की बुडबुड्याच्या आकाराचं, ते समोरच्या भागाशी जुळवा. एकाचा नट दुसऱ्यात वरवर बसल्यासारखा वाटतो आणि जोरात ब्रेक दाबला की गळतो. दाबून बसवायचे कॉम्प्रेशन जोड ब्रेकच्या पाइपला चालत नाहीत.

मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलचा जोर ऑइलला देणाऱ्या मुख्य सिलिंडरमध्ये, दोन गोष्टी तपासायच्या. जुन्या गाड्यांत ड्रमच्या बाजूच्या तोंडात साधारण १० पीएसआय दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो चालतो, कारण शूच्या स्प्रिंगा त्याहून जोरकस असतात. कॅलिपरला अशी स्प्रिंग नसते, पॅड डिस्कवर टेकून राहतात आणि काही किलोमीटरांत मागची चाकं भाजू लागतात. पेडल दाबून सोडा, मग मागचं निपल उघडा. ऑइल पिचकारीसारखं उडालं तर दाब अडकतोय; व्हॉल्व्ह काढा किंवा चारही डिस्कांसाठीचा मास्टर सिलिंडर घ्या. मास्टर सिलिंडर चासीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल तरच २ पीएसआयचा छोटा व्हॉल्व्ह लागतो.

दुसरी गोष्ट ऑइलच्या डब्याची. ड्रमच्या बाजूचा कप्पा सहसा लहान असतो. ४३ मिमीचा पिस्टन पॅड झिजता झिजता १० मिमी बाहेर आला तर एका चाकाला १४.५ मिली, दोन्हींना मिळून २९ मिली ऑइल जास्त लागतं. लहान कप्पा पॅड संपायच्या आधीच तळ गाठेल.

मागच्या लाइनमध्ये मूळचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा) ड्रमच्या हिशेबानं बसवलेला असतो. हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह लावायचा असेल तर मूळच्याचा मागचा भाग बाद करून लावा. एकापुढे एक दोन लावले तर काय होतंय ते कळेनासं होतं. आणि तो मागच्याच लाइनमध्ये, पुढच्या कधीही नाही. मागच्या ॲक्सलला दांडीनं जोडलेला, भाराप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर तो काढू नका. रिकामी आणि भरलेली गाडी यांतला फरक फक्त तोच ओळखतो. नव्या कॅलिपरची ताकद जुन्या ड्रमच्या जवळ ठेवली असेल तर हाच व्हॉल्व्ह बहुतेक वेळा पुरतो; दांडीचं सेटिंग मॅन्युअलप्रमाणे प्रेशर गेज लावून तपासून घ्या.

ब्रेक ऑइल मूळ गाडीला सांगितलं असेल तेच, डॉट ३ किंवा डॉट ४. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. सिलिकोनचं डॉट ५ यांत मिसळायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

केबल

ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना केबलला थोडी ढील हवी, आणि पाटे पूर्ण दबलेले असतानाही ती टायरला किंवा सायलेन्सरला लागता कामा नये. माप दोन्ही टोकांना घ्या. केबलचं बाहेरचं कवच ब्रॅकेटमध्ये पक्कं अडकलं पाहिजे. ते सरकलं तर हातातला लिव्हर वर येतो पण ब्रेक लागत नाही. ओढ ब्रेककडच्या लिव्हरच्या रेषेत हवी, तिरकी असेल तर जोर वाया जातो आणि तारा तुटतात. दोन केबली जिथं जुळतात तो तोलाचा तुकडा दोन्हींना ओढल्यावर सरळ राहतोय का ते बघा. तिरपा झाला तर एक बाजू जास्त धरते आहे.

एअर काढणं आणि सेटिंग, याच क्रमानं

१. केबल पूर्ण सैल ठेवा. लिव्हरवाल्या कॅलिपरचे दोन्ही लिव्हर आपापल्या थांब्याला टेकलेले असले पाहिजेत.

२. मास्टर सिलिंडर बदलला असेल तर त्याची एअर आधी टेबलावर काढा. मग लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे या. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा.

३. पॅड टेकेपर्यंत पेडल हळूहळू दाबा. डब्यातलं ऑइल बघत राहा.

४. लिव्हरवाला कॅलिपर असेल तर केबल न जोडता लिव्हर हातानं पुन्हा पुन्हा पूर्ण फिरवून सोडा. त्याच्या आतला ॲडजस्टर याच हालचालीनं पुढे सरकतो. लिव्हर थांब्यापर्यंत परत आलाच नाही, तर ॲडजस्टर दुसरी पायरी घेत नाही. केबल आधीच ताणून ठेवली की नेमकं हेच होतं: हँडब्रेक दोन दिवस बरा धरतो, मग पॅड झिजतात आणि हातातला लिव्हर छतापर्यंत ओढला तरी काही लागत नाही. अशा कॅलिपरला ढिसाळ म्हणून नावं ठेवली जातात, पण बऱ्याचदा मूळ दुखणं हेच निघतं. पॅड बदलताना याचा पिस्टन सी-क्लॅम्पनं दाबू नका, फिरवून आत घ्यायचा असतो, आणि पिस्टनवरची खाच पॅडमागच्या खुंटीसमोर आणा.

५. टोपीतला ड्रम असेल तर तारांकित ॲडजस्टर डिस्क हातानं फिरत नाही इतका आवळा, मग एकेक दात मागे घ्या. डिस्क मोकळी फिरली पण कुठंतरी अगदी हलकी सरसर ऐकू आली, तिथं थांबा.

६. आता केबल जोडा आणि फक्त ढील जाईल इतकीच ताणा. केबलनं ब्रेक सेट करायचा नाही, ब्रेक आधीच सेट झालेला असतो.

पहिली फेरी

इंजिन चालू ठेवून पेडल जोरात धरून ठेवा, प्रत्येक जोड कोरडा आहे का ते बॅटरीच्या उजेडात बघा. मग मोकळ्या, बंद जागेत चालण्याच्या वेगानं ब्रेक लावून बघा. ठीक वाटलं तर पॅड बसवून घ्या: ताशी ५० किमीवरून १० पर्यंत मध्यम दाबानं वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून थंड करायचं, पुन्हा तेच. पॅडच्या कंपनीनं आकडे दिले असतील तर ते वापरा. नंतर गाडी उभी करून चारही चाकांजवळ हात न्या. एखादं मागचं चाक एकटंच जास्त तापलं असेल तर कॅलिपर अडकतोय किंवा केबल ताठ आहे.

तोलाची चाचणी रिकाम्या गाडीवर, कोणी नसलेल्या मोकळ्या जागेत. फिरवायचा व्हॉल्व्ह मागचा दाब सर्वांत कमी राहील असा ठेवून सुरुवात करा. कमी वेगात जोरात ब्रेक लावा आणि लांब सुरक्षित उभ्या माणसाला चाकं बघायला सांगा. मागचा दाब थोडा थोडा वाढवत जा. पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत, नेहमी. मागची आधी लॉक होतायत असं दिसलं की दोन पायऱ्या मागे या आणि ओल्या जमिनीवर पुन्हा बघा. एबीएस असेल तर ही चाचणी या पद्धतीनं होत नाही, ती मशीनवर करून घ्या.

हँडब्रेकची परीक्षा मात्र भरलेल्या गाडीवर. चढावर तोंड वर करून, मग खाली करून, ठोकळे थोडे लांब ठेवून, पाय पेडलजवळ तयार ठेवून. लिव्हरवाल्या कॅलिपरची आणखी एक परीक्षा घ्यावी लागते. डिस्क चांगली तापलेली असताना हँडब्रेक ओढून गाडी अर्धा तास सोडा, ठोकळ्यांसकट. डिस्क थंड होताना आकसते आणि पकड सैल पडते. चालवून आल्याबरोबर घट्ट धरणारी गाडी थंड झाल्यावर सरकते ती यामुळे. सरकली तर एक दात जास्त ओढायची सवय लावून भागवू नका; केबलची लवचीकता, लिव्हरचा प्रवास आणि पॅडचा दर्जा पुन्हा तपासा, आणि एवढं करूनही धरत नसेल तर टोपीतल्या ड्रमकडे वळा.

१०० किमीनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्कला आवळा, ब्रॅकेटचे बोल्ट सुटले नाहीत ना ते पाना लावून बघा, बँजोच्या वॉशरभोवती ओल आहे का ते बोटानं चाचपा. नवी केबल सुरुवातीला ताणते, तेव्हा तिची ढील याच वेळी काढा, पण आधी लिव्हर थांब्याला टेकतोय हे बघून.